शिष्यवृत्ती मागणारा याचक नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शिष्यवृत्ती हा विषय राजकीय अभ्यासवर्गात सहसा येत नाही. तो महाविद्यालयाच्या कचेरीतला, लिपिकाच्या खिडकीवरचा विषय मानला जातो. वेतन, जमीन, शेतमालाचा भाव, रोजगार हमी हे लढ्याचे विषय. दाखले गोळा करणे आणि अर्ज भरणे ही ज्याची त्याची व्यक्तिगत खटपट, अशी विभागणी चळवळीने नकळत मान्य करून टाकली आहे. ही विभागणी चुकीची आहे. राज्याच्या तिजोरीतील पैसा कोणत्या वर्गाच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, आणि तो त्यांच्या हाती कोणत्या वाटेने व किती वेळेत पोचावा, हा अर्थकारणाचा मूलभूत प्रश्न आहे. महाराष्ट्रात तरी तो पहिल्यापासून राजकीय प्रश्न म्हणूनच मांडला गेला होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात या प्रश्नाची दोन्ही अंगे आली आहेत. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांचे पहिले म्हणणे. दुसरे म्हणणे शिष्यवृत्त्यांविषयी होते. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य वाटली, तरी ज्या वर्गांपर्यंत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यात तिच्यामुळे शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून अशा वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असे जोतीरावांनी सुचविले. ज्याच्या घरी तीन पिढ्या पुस्तके आहेत आणि ज्याच्या घरी दिव्याला तेल नाही, अशा दोघांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे म्हणजे समता नव्हे, हा विचार या भूमीत इतका जुना आहे.

पुढचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्यातील एक बाजू नजरेआड होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली स्वतःची शिल्लक, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचीही वाट मदतीची मुदत संपल्यामुळे तीन वर्षे अडली, तर सामान्य विद्यार्थ्याचे काय होत असेल, हे वेगळे सांगावे लागू नये. स्वतः बाबासाहेबांनी यातून घेतलेला धडा राजकीय होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी होती. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आजही चालू असलेली योजना आहे. एका राजाच्या औदार्याने एक विद्यार्थी शिकला; त्या विद्यार्थ्याने औदार्याची जागा तरतुदीला मिळवून दिली. दान आणि हक्क यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

दुसऱ्या बाजूने कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती सांगावीच. परंतु लोकशाही राज्यात मुलांचे शिक्षण कोणा माउलीच्या मंगळसूत्रावर अवलंबून राहू नये, हाही त्या कथेचा अर्थ आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे आणि बाराशे रुपयांची ती उत्पन्नमर्यादा यांच्या आधाराने ग्रामीण भागातील एक अख्खी पिढी महाविद्यालयाची पायरी चढली.

तत्त्वाचा लढा असा बऱ्याच अंशी जिंकला गेला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. कागदावर पाहिले तर गरिबाच्या मुलाने न शिकण्याचे कारण उरत नाही. मग मुले गळतात कुठे? ती शासननिर्णय आणि बँकेचे खाते यांच्या मधल्या वाटेवर गळतात. ही वाट कार्यकर्त्याने पायाखाली घातली पाहिजे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बारावी होऊन ती तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्रवेश घेते. तिला उत्पन्नाचा दाखला हवा, तो तहसीलदाराचा. त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल हवा. दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते, म्हणून हा खटाटोप दर वर्षी नव्याने. जातीचा दाखला हवा. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील शाळेचा किंवा महसुलाचा पुरावा हवा. ज्याच्या पणजोबाला शाळेने दारात उभे केले नाही, त्याच्याकडे पणजोबाच्या शाळेचा दाखला मागितला जातो! त्यात अधिवासाचा दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रिका, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची भर पडते.

हे सगळे जमवून अर्ज संगणकावर भरायचा. दसरा झाला की आईवडील कोयते घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले असतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा, आणि तो मोबाइल उसाच्या फडात. संगणकाने मागितलेला ओटीपी तिथे जातो. मुलगी सेवा केंद्राच्या बाकावर बसून वडिलांना फोन लावीत राहते. फडात तो लागत नाही. ठरलेल्या मिनिटांत आकडे आले नाहीत म्हणून अर्ज पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एस.टी.चे भाडे, पुन्हा केंद्रचालकाचे पैसे. अर्ज गेला तरी महाविद्यालयातील लिपिकाने तो तपासून पुढे पाठवायचा, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाने तपासायचा. मध्येच कोठे त्रुटी निघाली तर तो परत येतो. आणि परत आला आहे, हे मुलीने स्वतःहून संगणक उघडल्याशिवाय तिला समजेलच असे नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत यालाही किंमत आहे, आणि ती मोजली पाहिजे. समजा दाखल्यांसाठी बापाला सहा दिवस मजुरी बुडवावी लागली आणि त्याची रोजची मजुरी साडेचारशे रुपये आहे. प्रवासखर्च आणि केंद्रचालकाचे पैसे सोडून देऊ. नुसती बुडालेली मजुरीच २,७०० रुपये होते. आता पदरात काय पडते ते पाहावे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमाच्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता २०१० च्या दराने महिन्याला ३०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ३,००० रुपये होता. २०२१ साली केंद्राने नवे दर ठरविले. त्यात हाच भत्ता वर्षाला ३,००० रुपये ठेवण्यात आला. अकरा वर्षांत तेल, डाळ, गॅस, एस.टी.चे भाडे, वह्या यांचे भाव कोठून कोठे गेले; भत्ता तसूभरही हलला नाही. वसतिगृहात राहणाऱ्याचा महिना ५७० रुपयांचा दर होता, तो वर्षाला ६,००० झाला. म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबाने महिन्याकाठी तीस रुपयांची वाढ! भाववाढीच्या काळात आकडा स्थिर ठेवणे म्हणजे कपात करणे होय. अशी कपात विधिमंडळात मांडावी लागत नाही, तिच्यावर चर्चा होत नाही, मोर्चा निघत नाही. ती आपोआप होत राहते.

हीच गोष्ट उत्पन्नमर्यादेची. ही मर्यादा २०१३ साली अडीच लाख रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. नवरा-बायको दोघांनी मिळून दिवसाला नऊशे रुपये मिळविले आणि वर्षातून तीनशे दिवस काम लागले, तर उत्पन्न २ लाख ७० हजार होते. म्हणजे दोन अंगमेहनती मजुरांचे कुटुंब निर्वाह भत्त्याच्या दृष्टीने ‘सधन’ ठरते. अशा विद्यार्थ्याला महाराष्ट्रात शुल्कमाफी मिळते हे खरे. पण पोटाला लागणारा भत्ता जातो. इतर काही योजनांची मर्यादा दरम्यान आठ लाखांवर गेली. ती तिथे जाण्याबद्दल तक्रार नाही. जो सर्वांत खाली आहे त्याच्याच योजनेची मर्यादा सर्वांत खाली का राहिली, हा प्रश्न आहे.

तिसरी किंमत काळाची आहे आणि ती सर्वांत जड आहे. शुल्क प्रवेशाच्या वेळी द्यावे लागते. शिष्यवृत्ती येते वर्ष सरता सरता, कधी पुढच्या वर्षी. शासनाच्या हिश्श्याचे शुल्क विद्यार्थ्याकडून आगाऊ घेऊ नये, असे आदेश आहेत. तरीही काही संस्था ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत नेऊ’ असे सांगतात, परीक्षेचे प्रवेशपत्र अडवितात, मूळ कागदपत्रे ठेवून घेतात. समजा अशा वेळी बापाने वीस हजार रुपये सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपयांनी काढले आणि शासनाचे पैसे चौदा महिन्यांनी आले. व्याज झाले ८,४०० रुपये. ये-जा करणाऱ्या पदवी विद्यार्थ्याच्या जवळजवळ तीन वर्षांच्या भत्त्याइतके! यात कोण कोणाला मदत करतो आहे? वस्तुतः मजूर राज्याला चौदा महिने बिनव्याजी कर्ज देतो आहे, आणि त्यासाठी स्वतः सावकाराला व्याज भरतो आहे. अर्थसंकल्पात या रकमेची नोंद कोठेही होत नाही.

विलंबाची मुळे केंद्र आणि राज्य यांच्या हिशेबातही आहेत. दीर्घकाळ असा नियम होता की पूर्वीच्या योजनाकाळात जेवढा खर्च होत होता तेवढा भार राज्याने उचलायचा आणि केंद्राने केवळ वाढीव भाग द्यायचा. राज्याचे हे ‘बांधील दायित्व’ फुगत गेले आणि केंद्राचा वाटा आक्रसत गेला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा हिस्सा ३५,५३४ कोटी, म्हणजे ६० टक्के. हे निश्चितच पुढचे पाऊल होते. पण केंद्राचा ६० टक्के वाटा येतो तो राज्याने आपला ४० टक्के दिल्यानंतर. राज्याची तिजोरी दमली की केंद्राचा पैसाही अडतो, आणि दोन सरकारांच्या मध्ये उभा असतो विद्यार्थी.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे : गैरव्यवहार रोखण्यासाठी कडक तपासणी हवी. गैरव्यवहार झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. विद्यार्थी नसताना विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीची रक्कम उचलणाऱ्या संस्था महाराष्ट्रात निघाल्या आणि २०१६ साली त्यासाठी विशेष चौकशी पथक नेमावे लागले. २०१७ साली ‘महाडीबीटी’ ही संगणकीय व्यवस्था आली. पैसा संस्थाचालकाच्या हातून न जाता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावा, हे तत्त्व योग्यच आहे. समाजवाद्यांनी त्याचे स्वागतच करावे. परंतु चोरी केली संस्थाचालकाने आणि झडती सुरू झाली विद्यार्थ्याची! शिवाय ही झडती कशाची? जातीचा दाखला राज्याचा, उत्पन्नाचा दाखला राज्याचा, शिधापत्रिका राज्याची, गुणपत्रिका राज्याच्या मंडळाची. राज्याच्या एका कचेरीतले कागद राज्याच्याच दुसऱ्या कचेरीत वाहून नेण्याचे हमालीचे काम नागरिकाने मजुरी बुडवून का करावे? यंत्र आले आहे तर ते यंत्राने करावे.

आणखी एक उत्तर अलीकडे पुढे केले जाते : कर्ज घ्या. २००१ पासून बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘पंतप्रधान विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली, तीत काही उत्पन्नगटांना व्याजात सवलत आहे. ज्यांना नोकरीची खात्री आहे अशांना तिचा उपयोग होईल. पण कर्जाचा एक अदृश्य परिणाम असतो. कर्ज काढून शिकलेला डॉक्टर खेड्यात जात नाही, कर्ज काढून शिकलेला वकील कामगारांचे खटले घेत नाही. त्याचा पहिला हप्ता त्याची पहिली निष्ठा ठरवितो. म्हणून कर्ज हा शिष्यवृत्तीला पर्याय नाही. शिष्यवृत्तीत समाज विद्यार्थ्याला म्हणतो, ‘शीक, तू आमचा आहेस.’ कर्जात बँक म्हणते, ‘शीक, पण तारीख लक्षात ठेव.’

यातून मागण्या निघतात, आणि त्या मोजक्या व नेमक्या असाव्यात. उत्पन्नमर्यादा आणि निर्वाह भत्ता यांची सांगड महागाईच्या निर्देशांकाशी घालावी. महागाई भत्त्यासाठी लढणाऱ्या संघटित कामगाराला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. भत्ता वर्षअखेरीस एकरकमी न देता दरमहा द्यावा, कारण भूक दरमहाच काय, रोजची आहे. एकदा तपासलेला दाखला अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत पुन्हा मागू नये. आणि ठरलेल्या मुदतीनंतर शासनाकडून जितके महिने उशीर होईल, तितक्या महिन्यांचे व्याज विद्यार्थ्याला मिळावे. कर थकविणाऱ्या नागरिकाकडून राज्य व्याज घेते. मग विद्यार्थ्याचे देणे थकविणाऱ्या राज्याने ते का देऊ नये?

पण मागण्या मान्य होईपर्यंत या वर्षीच्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांनी थांबायचे काय? येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. प्रत्येक तालुक्यात पक्षकार्यालयाचे एक टेबल जून ते दिवाळी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी राखून ठेवता येईल. एप्रिल उजाडताच वस्तीतील कुटुंबांचे उत्पन्नाचे दाखले एकत्र काढून घ्यावेत. एकट्यादुकट्याला ‘उद्या या’ म्हणणारी कचेरी वीस जणांना तसे म्हणत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात दसऱ्याआधी मुलीच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकाशी आधार जोडून घ्यावे. मुलाचे कोणते बँक खाते आधारशी संलग्न आहे ते आधीच पाहावे. शाळेत असताना उघडलेल्या आणि बंद पडलेल्या खात्यात पैसे अडकल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. बारावी विज्ञानाला असतानाच जात पडताळणीचा अर्ज करून ठेवावा. प्रवेशापूर्वी पालकांना स्पष्ट सांगावे की व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली, किंवा खाजगी वा अभिमत विद्यापीठात पाऊल टाकले, तर यांतील बऱ्याच सवलती हातच्या जातात, आणि दलाल ही गोष्ट कधीच सांगत नाही. अर्ज भरला म्हणजे काम संपले असेही नाही. दर आठवड्याला तो उघडून त्रुटी निघाली आहे काय हे पाहणारे कोणीतरी हवे.

हे काम ‘समाजसेवा’ म्हणून हिणविणारे काही साथी असतील. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, एका टेबलावर आलेल्या दोनशे अर्जांची नीट वही ठेवली — कोणाचा अर्ज कधी गेला, कोठे अडला, पैसे कधी आले, तोवर कर्ज किती काढले — तर ती वही हे त्या तालुक्याचे सर्वांत बिनतोड मागणीपत्र होते. आकडा हातात असलेला मोर्चा कोणत्याही अधिकाऱ्याला टाळता येत नाही. सेवा आणि संघर्ष यांत भिंत नाही. सेवेत साचलेला अनुभव हाच संघर्षाचा पुरावा असतो.

शेवटी एक साधी गोष्ट. अर्ज घेऊन येणारा बाप बहुधा दारात उभा राहतो, टोपी हातात घेतो आणि ‘साहेब, एवढं काम करा’ अशी सुरुवात करतो. कार्यकर्त्याने त्याला आधी खुर्ची द्यावी. ज्या तिजोरीतून शिष्यवृत्ती येते ती तिजोरी भरण्यात त्याचा वाटा आहे. मिठाच्या पुड्याखेरीज तो जे जे विकत घेतो, त्यातल्या बहुतेक वस्तूंवर तो कर भरतो. तो आपलेच मागतो आहे, हे त्याला पटले की त्याची मुलगी तहसील कचेरीच्या पायऱ्या वेगळ्या पावलांनी चढेल.